आषाढातल्या युनिटचा हिशेब: वीज नियामक आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
कफ परेड, मुंबई

विषय: पवनऊर्जा आणि घरगुती वीजबिल, पावसाळ्यात पहिला टप्पा १५० युनिटांचा करण्याबाबत

महोदय,

सातारा जिल्ह्यातला एक घरगुती ग्राहक म्हणून हे पत्र लिहितो आहे. मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कुठल्या चष्म्यातून वाचायचं ते आपल्याला ठरवता येईल. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घरगुती दराचा पहिला, म्हणजे सर्वांत स्वस्त टप्पा महिना १०० ऐवजी १५० युनिटांचा करावा. आणि वाऱ्याची वीज कुठल्या सालच्या करारातून, कोणत्या महिन्यात, कितीला घेतली, याचा तक्ता महावितरणने दर महिन्याला मराठीत जाहीर करावा, असा आदेश आयोगाने द्यावा.

ठोसेघरचा धबधबा बघायला आलेली मंडळी तशीच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जातात. आषाढात तिथे पवनचक्की दिसत नाही, ऐकू येते. धुक्यातून एक पातं खाली येतं, क्षणभर दिसतं आणि वर जाऊन गडप होतं. बुंध्याशी लोखंडी दार, दारावर रंगवलेला नंबर, बाजूला कुंपणातला ट्रान्सफॉर्मर, आणि कुंपणाच्या आडोशाला वाऱ्याकडे पाठ करून उभी असलेली म्हसरं. तिकडे पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी या यंत्रांची जत्राच भरली. पुढे धुळ्यात साक्रीजवळ ब्राह्मणवेल, सांगलीत ढालगाव, नगर जिल्हा, आणि आता बीड-धाराशिव. राज्यात आज पाच हजार मेगावॉटच्या वर पवनऊर्जा बसलेली आहे.

इतकी वर्षं ही यंत्रं डोक्यावर फिरत असल्यामुळे आमच्याकडे त्यांच्याबद्दल ठाम मतं आहेत. दुष्काळाच्या वर्षांत पवनचक्क्या ढग हाकलतात म्हणून गावंच्या गावं चिडली होती. ते मत मागे पडलं. सध्या दोन मतं जोरात आहेत. एक, वारा फुकटचा, मग बिल एवढं का? दुसरं, या हिरव्या विजेच्या नादानेच बिल वाढलं. दोन्ही मतांत थोडा थोडा दम आहे, पण दोन्हींचं उत्तर वाऱ्यात नसून कराराच्या तारखेत आहे. युरोपात वारा वाढला की बिल उतरतं का, हा वाद बहुतेक वेळा गॅसच्या दरापाशी येऊन अडतो. आपल्याकडे तो करार कुठल्या साली झाला, इथे येऊन अडतो, आणि ते करार आयोगाच्याच आदेशांतून जन्मले आहेत. म्हणून पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ रोजी पवनऊर्जेचा आदेश काढला. नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे, आणि पुढे दरवर्षी १५ पैशांची वाढ, करार तेरा वर्षांचा. म्हणजे तेराव्या वर्षी तोच वारा, तेच पातं, दर मात्र ५ रुपये ३० पैसे. यंत्राचं कर्ज फिटत येतं तसा त्याच्या विजेचा दर उतरायला हवा. इथे तो चढत गेला. वर गुंतवणूकदाराला आयकरात वेगवान घसारा, म्हणजे यंत्राची किंमत करपात्र उत्पन्नातून झटपट वजा करायची सोय: २००२ पर्यंत पहिल्याच वर्षी १०० टक्के, नंतर ८० टक्के, आणि २०१७ पासून ४० टक्के. पठारावरची कित्येक यंत्रं वीज विकण्याइतकीच कर वाचवण्यासाठी उभी राहिली, हे साताऱ्यातल्या कुठल्याही सीएला विचारा. करदाता म्हणून एकदा आणि ग्राहक म्हणून दुसऱ्यांदा, असा आम्ही त्या काळात दुहेरी हातभार लावला.

त्या वेळी ते चूकच होतं असं मी म्हणणार नाही. त्यानंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे दिवसातले कित्येक तास वीज नसायची. तेव्हा साडेतीन रुपयांची वीज कुणालाही गोडच लागली असती. शिवाय यंत्रं तेव्हा महाग होती आणि कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती. पण २०१० नंतर वाऱ्याच्या वेगाप्रमाणे चार झोन पाडून जे दर दिले गेले, त्यात कमी वाऱ्याच्या झोनला साडेपाच रुपयांच्याही वर दर मिळाला. जिथे वारा कमी तिथे दर जास्त! गुंतवणूकदाराच्या बाजूने बघितलं तर यात तर्क आहे. बिल भरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर मला तो आजही सापडत नाही.

मग २०१७ साल आलं. केंद्राच्या पहिल्या पवन लिलावात दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो २ रुपये ४३ पैशांपर्यंत घसरला. मार्च २०१८ मध्ये महावितरणने ५०० मेगावॉटचा लिलाव काढला, तेव्हा २ रुपये ८५ पैशांना वीज द्यायला कंपन्या तयार झाल्या. चार-पाच वर्षांत दर निम्म्यावर. तेव्हा काही काळ महावितरणच्या पाकिटात एकाच वाऱ्याची वीज जवळजवळ तीन रुपयांना आणि साडेपाच रुपयांना, शेजारीशेजारी होती. ‘पवनऊर्जा महाग की स्वस्त’ या प्रश्नाला म्हणूनच अर्थ उरत नाही. ‘कुठल्या सालची’ हे विचारावं लागतं, आणि नेमकं तेच आम्हाला कुठे वाचायला मिळत नाही.

आता ही वीज आली की बिलात काय होतं, तेही बघू. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात कोणता संच किती चालवायचा ते गुणवत्ताक्रमानुसार ठरतं. इंधनाचा खर्च ज्याचा सर्वांत जास्त, तो संच आधी कमी करायचा. वाऱ्याची वीज आली की ती घ्यावीच लागते, तिला या रांगेत उभं राहावं लागत नाही. म्हणजे वारा सुटला की कुठल्यातरी कोळशाच्या संचाचा आवाज खाली येतो. पण त्या संचाचा स्थिर आकार तसाच चालू राहतो. करार तसाच आहे: संच तयार ठेवला की पैसे, वीज घ्या अगर घेऊ नका. वाऱ्यामुळे वाचतो तो फक्त कोळसा.

समजा वाचलेल्या कोळशाचा खर्च युनिटला साडेतीन रुपये होता. त्या जागी २ रुपये ८५ पैशांचा वारा आला तर आम्हा ग्राहकांचे ६५ पैसे वाचले. त्याच जागी जुन्या करारातला ५ रुपये ३० पैशांचा वारा आला तर १ रुपया ८० पैसे अंगावर पडले. वीजवाहिन्यांचा खर्चही आहेच. डोंगरावरून खाली आणलेली वाहिनी वर्षभर भांडवल खाते आणि सरासरीने तिच्या क्षमतेच्या जेमतेम पाचव्या भागाइतकी वीज वाहते. मार्च २०२५ मध्ये देशाची पवनक्षमता ५० हजार मेगावॉटवर गेली, म्हणजे एकूण स्थापित क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतकी. युनिटांत मोजाल तर वाटा विसावा. हा फरक पवनऊर्जेच्या जाहिरातींत कधी दिसत नाही.

पण तो पाचवा भाग येतो कधी, यातच खरी गोम आहे. आपल्याकडे वर्षभराच्या पवन उत्पादनातला निम्म्याहून खूप मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच उरकतो. त्याच दिवसांत शेतीपंप बंद, कूलर माळ्यावर, एसीवाले पंख्यावर आलेले. मागणी पडलेली असते, धरणांत पाणी येत असतं आणि वर पठारावर वारा रात्रंदिवस चालू असतो. सौरऊर्जा मात्र ढगाखाली जाते. या चार महिन्यांत वारा नसता तर आपण आज सौरऊर्जेचे जे गोडवे गातो आहोत ते जरा हळू आवाजात गायले असते.

वीज मुबलक आणि गिऱ्हाईक कमी, तर भाव उतरायला हवा. भाजी मंडईत श्रावणात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. विजेच्या बिलात मात्र श्रावण येतच नाही. दर वर्षाच्या सरासरीने ठरतो. मे महिन्यात बाजारातून चढ्या भावाने घेतलेलं युनिट आणि जुलैत वनकुसवड्याहून आलेलं युनिट एकाच पातेल्यात ढवळलं जातं आणि वर्षभर एकच चव वाढली जाते.

सरासरीवर माझा फारसा राग नाही. राग आहे तो सरासरीतून बाहेर पडायचा जो एकच दरवाजा ठेवलाय, त्यावर. तो म्हणजे बिलावरची ‘इंधन समायोजन आकार’ ही ओळ. वीजखरेदीचा प्रत्यक्ष खर्च मंजूर खर्चापेक्षा वाढला तर दोनेक महिन्यांनी तो या ओळीतून वसूल होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाची टंचाई झाली, आयात कोळसा घ्यावा लागला, आणि नंतर पाच महिने या ओळीत युनिटला ६५ पैशांपासून २ रुपये ३५ पैशांपर्यंत, जसा टप्पा तसा, आकार लागला. ठीक आहे, खर्च झाला, भरला. पण खर्च मंजुरीपेक्षा कमी झाला तर? आयोगाच्या मार्च २०२० च्या आदेशाने तशा वेळी आकार शून्य दाखवायचा आणि वाचलेले पैसे एका समायोजन निधीत टाकायचे, पुढच्या वाढीवर उतारा म्हणून. दर एकदम वर-खाली होऊ नयेत, हा हेतू समजतो. परिणाम मात्र असा झाला की ती ओळ वर जाताना आम्ही पाहिली, खाली येताना पाहिली नाही. कोळसा महागला तर बिलाला लगेच कळतं. वारा चांगला सुटला तर बिलाला कळतच नाही.

दर कमी झाले नाहीत असंही मी म्हणत नाही. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या आदेशाच्या वेळी पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के कपातीची घोषणा झाली. २८ मार्चचा मूळ आदेश, त्याला स्थगिती, मग पुनर्विलोकन, ही सगळी कथा आपल्यालाच जास्त माहीत आहे, तिच्यात मी शिरत नाही. त्याच वेळी स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत मिळाली. कल्पना उत्तम. सूर्य तळपतो तेव्हा वीज स्वस्त, तेव्हा वापरा. पण ज्या घरातली दोन्ही माणसं ९ ते ५ कामावर असतात त्यांनी या वेळेत काय वापरायचं? फ्रिज? सूर्याचा तास आयोगाने ओळखला. वाऱ्याचा महिना ओळखायचं बाकी आहे.

आता १५० युनिटांकडे येतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे असा वीज आकार होता, वर १ रुपया १७ पैसे वहन आकार. नंतरच्या आदेशांत आकडे हलले, पायरी तशीच उंच राहिली. शंभरावं युनिट ओलांडलं की पुढचं युनिट दुपटीच्या वर. आमच्या सोसायटीत महिनाअखेरीला मीटर बघून इस्त्री पुढे ढकलणारी घरं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये अशी काटकसर राज्याच्या हिताचीच आहे, तेव्हा प्रत्येक युनिट महाग पडतं. पण जुलैत? जुलैत हेच घर आणखी पन्नास युनिटं वापरायला तयार असेल, पावसात न वाळणारे कपडे ड्रायरमध्ये टाकेल, सिलिंडर वाचवून इंडक्शनवर स्वयंपाक करेल, रात्री ई-स्कूटर चार्जिंगला लावेल, तर त्याला अडवण्यात कुणाचा फायदा? त्याच रात्री कोळशाचे संच कमी करून ठेवलेले असतात आणि त्यांचा स्थिर आकार आम्हीच भरत असतो.

त्या दरपत्रकाने हिशेब केला तर या पन्नास युनिटांवर घरामागे महिना २७९ रुपये वाचतात. १६ टक्के वीज शुल्क धरलं तर ३२३ रुपयांच्या वर. चार महिन्यांचे तेराशे रुपये झाले.

यावर महावितरणचा आक्षेप काय असेल ते मला दिसतं. जी घरं आजच पावसाळ्यात १५० युनिटं वापरतात त्यांच्याकडून मिळणारा महसूल बुडेल, आणि तो कुठून तरी भरून काढावा लागेल. खरं आहे. वरच्या टप्प्यांच्या पैशांवर खालचे टप्पे आणि शेती चालते, ही व्यवस्था एका पत्राने बदलणार नाही. पण भरपाईची जागाही आहे. समायोजनाच्या ओळीतली पावसाळी बचत निधीत न नेता त्याच टप्प्यासाठी वापरता येईल. तेरा वर्षांचे महाग करार एकामागून एक संपत गेले आहेत, त्यांची जागा कमी दराच्या विजेने घेतली की जो फरक पडतो तो सरासरीत विरघळू न देता पावसाळ्याच्या खात्यावर वेगळा मांडता येईल. आणि तरीही तूट आली, तर एप्रिल-मे मध्ये ३०० युनिटांच्या वरच्या वापराला काही पैसे जास्त लावा. उन्हाळ्यात एसी चालवणाऱ्याने उन्हाळ्याची किंमत मोजली तर त्यात अन्याय नाही. माझ्या घरातही एसी आहे.

जुन्या जागांचा प्रश्न याहून मोठा आहे, आणि आयोगाच्या हातात आहे. वनकुसवड्यासारख्या पठारांवर राज्यातला पहिल्या प्रतीचा वारा आहे आणि त्यावर पंचवीस वर्षांपूर्वीची छोटी यंत्रं बसली आहेत. ३५० किलोवॉटचं एक यंत्र वीस टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला सहा लाख युनिटं देतं. आज एकेक यंत्र दोन-तीन मेगावॉटचं आणि त्याहून मोठं येतं, मनोऱ्याची उंची शंभर मीटरच्या पुढे. म्हणजे सर्वांत चांगली जागा सर्वांत लहान यंत्राने अडवलेली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने जुन्या प्रकल्पांच्या पुनर्बांधणीचं नवं धोरण आणलं. ही पुनर्बांधणी होईल तेव्हा वाढीव वीज कुणाला मिळणार? सगळं मुक्त प्रवेशावर, म्हणजे मोठ्या ग्राहकाने उत्पादकाकडून थेट वीज घ्यायच्या सोयीवर, सोडलं तर ती उद्योगांकडे जाईल. पूर्वी उद्योगांना पावसाळ्यातली पवनवीज ‘बँकेत’ ठेवून वर्षभर वापरता यायची. आता ती मुभा महिन्यापुरती आली आहे, तरी मुभा आहे. घरगुती ग्राहकाला कुठलीच बँक नाही. पुनर्बांधणीतल्या वाढीव विजेचा ठरावीक हिस्सा लिलावाच्या दराने वितरण कंपनीला द्यायचा, अशी अट घालता येईल.

निदान पाटण तालुक्यात तरी एक बँक आधीच बांधलेली आहे. ज्या पठारावर पवनचक्क्या फिरतात त्याच्या पायथ्याशी कोयनेचं पाणी पसरलेलं आहे. १९६० मेगावॉटचा हा जलविद्युत प्रकल्प काही मिनिटांत चालू-बंद होतो. पण वीज करण्यासाठी पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय आणि जलवर्ष १ जूनला सुरू होतं. जुलैत वारा जोरात असताना कोयनेचं जितकं पाणी आपण राखू, तितकं एप्रिलच्या संध्याकाळी, बाजारात वीज सर्वांत महाग असते तेव्हा, वापरता येईल. अतिवृष्टीच्या वर्षी सांडव्यावरून पाणी जातंच, तेव्हा हा युक्तिवाद लटका पडतो, हे मान्य. पण कोट्यावर बंधन आहे ते सांडव्यावरच्या पाण्याने सुटत नाही. पवन उत्पादन आणि कोयनेचा पाणीवापर, महिन्यागणिक, एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडून दाखवायला किती खर्च येईल?

एक खर्च मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. पवनऊर्जा आता मराठवाड्यात सरकली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, आणि त्याच्या मुळाशी पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी होती, असं आरोपपत्र सांगतं. खटला न्यायालयात आहे, त्यावर बोलायचं नाही. पण जमिनीचे व्यवहार, रस्त्याच्या वाटाघाटी, ‘स्थानिक सहकार्य’ या नावाखाली जे काही चालतं ते शेवटी बोलीच्या दरात उतरतं आणि तिथून आमच्या युनिटमध्ये. हा विषय आयोगाचा नाही, गृहखात्याचा आहे. तरी २०१८ मध्ये २ रुपये ८५ पैसे दिसलेला दर आता साडेतीनच्या पुढे का गेला हे विचारताना केवळ पोलाद आणि व्याजदर यांच्याकडे बोट दाखवून भागणार नाही.

केंद्राच्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे २०२९-३० पर्यंत एकूण वापराच्या ४३.३३ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यायची आहे. त्यात एप्रिल २०२४ नंतर उभ्या राहिलेल्या पवन प्रकल्पांचा स्वतंत्र वाटा ३.४८ टक्के. म्हणजे वारा वाढणारच आहे. वाढू दे, आमच्या पठारांची त्याला हरकत नाही. पण करार होतील ते पुन्हा वीस-पंचवीस वर्षांचे असतील, आणि २००३ सारखा एखादा चढता दर त्यात शिरला तर तो फेडायला माझ्यानंतरची पिढी असेल. तेव्हा नवा पवन करार मंजुरीला येईल त्या प्रत्येक वेळी ‘या वीजखरेदीने महिना १५० युनिटं वापरणाऱ्या घराचं बिल किती पैशांनी बदलेल’ हे एका ओळीत लिहायला लावा. याचिकेची आकडेवारी इंग्रजी जोडपत्रांत असते आणि मराठी सारांशात नेमके हेच आकडे गाळलेले असतात. एवढी एक ओळ मराठीत आली तर जनसुनावणीला येणाऱ्यांना निदान कशावर बोलायचं ते तरी कळेल.

पुढच्या सुनावणीची नोटीस निघाली की हीच हरकत रीतसर प्रतिज्ञापत्रासह दाखल करतो आहे. महावितरणचं उत्तर छापील नमुन्यात ‘सदर बाब धोरणात्मक आहे’ असं येतं, हे अनुभवाने ठाऊक आहे. या वेळी आयोगाने त्यांच्याकडून फक्त दोन आकडे मागवावेत: गेल्या तीन पावसाळ्यांत घेतलेल्या पवनविजेचा करारनिहाय सरासरी दर, आणि त्याच महिन्यांत न वापरलेल्या कोळसा संचांना दिलेला स्थिर आकार.

आपला,
एक घरगुती ग्राहक,
सातारा